‘नाही’ हेही उत्तरच असते



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मला तिची प्रयोगशाळा पाहायला बोलावले. ती पुण्यातील एका संशोधन संस्थेत विषाणूंवर काम करते. मी पदार्थविज्ञानाचा माणूस. जीवशास्त्राशी माझा संबंध बारावीतच सुटला. तरीही कुतूहल होतेच, म्हणून गेलो.

एका शीतपेटीतून तिने करंगळीच्या पेराएवढी एक प्लॅस्टिकची कुपी काढली. तळाशी पांढरट पापुद्र्यासारखे काहीतरी होते; नीट पाहिले नसते तर कुपी रिकामीच वाटली असती.

“सर, यात माणसाच्या शरीरातलं एक प्रथिन आहे. पण ते माणसाच्या शरीरातून काढलेलं नाही,” ती म्हणाली.

“हे औषध कशावर चालतं?” मी विचारले.

“कशावरही नाही, सर. वेष्टनावर लिहिलंय ना, ‘केवळ संशोधनासाठी. रोगनिदान किंवा उपचार यांसाठी नाही.’”

“औषध नाही, मग एवढी किंमत कशाची? आणि एवढा जपून वापर कशाला?”

ती हसली. उत्तर देण्याऐवजी तिने आपली नोंदवही माझ्यापुढे ठेवली. एका पानावर तारीख, वेळ, तापमान, द्रावणांचे प्रमाण आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘बांधणी आढळली नाही.’ दुसऱ्या दिवशीच्या पानावरही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

“ही पानं तू फाडली नाहीस?” मी सहज म्हणालो.

“फाडली असती, तर चौथ्या दिवशी काय शोधायचं ते कसं कळलं असतं, सर?”

ती हे साधेपणाने बोलून गेली, पण मी मनातून वरमलो. का वरमलो ते पुढे सांगणार आहे. आधी त्या कुपीतील प्रथिनाची ओळख करून घेऊ, कारण त्याची हकीकत मला पदार्थविज्ञानाच्या पुष्कळ धड्यांइतकीच शिकवणारी वाटते.

कुपीत काय असते?

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींमध्ये ‘टी-पेशी’ नावाचा एक गट आहे. त्यांतील साहाय्यक टी-पेशींचे मुख्य काम इतरांना कामाला लावण्याचे असते. शरीरात जंतू शिरला की या पेशी प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना आणि इतर लढणाऱ्या पेशींना इशारा देतात. हा इशारा देण्यापूर्वी त्यांना खात्री करून घ्यावी लागते. दुसरी एखादी पेशी जंतूचा बारीक तुकडा आपल्या पृष्ठभागावर धरून समोर येते आणि टी-पेशी तो तपासते. तपासणी चालू असताना दोन्ही पेशींची पकड टिकवून धरण्याचे आणि आतल्या भागाला खूण पोचवण्याचे काम टी-पेशीच्या पटलावरील एक प्रथिन करते. त्याचे नाव ‘सीडी-४’. पेशीच्या पृष्ठभागावर राहून बाहेरच्या रेणूला धरणाऱ्या अशा प्रथिनाला रिसेप्टर म्हणतात; आपण त्याला ‘ग्राही’ म्हणू.

सीडी-४ हे नाव तुमच्यापैकी काहींच्या कानांवरून गेले असेल. एचआयव्हीबाधित माणसाच्या तपासणीच्या कागदावर ‘सीडी-४ संख्या’ लिहिलेली असते. एक घन मिलिमीटर रक्तात हे प्रथिन धारण करणाऱ्या टी-पेशी किती, हे ती संख्या सांगते. निरोगी प्रौढ माणसात ती साधारणपणे ५०० ते १५०० असते. २०० च्या खाली गेली तर किरकोळ जंतूही जिवावर उठू शकतात.

या संख्येचा एचआयव्हीशी एवढा संबंध का? एड्सचा विषाणू पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९८३ साली सापडला. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, लंडन आणि पॅरिस येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की हा विषाणू पेशीत शिरताना प्रथम सीडी-४ लाच पकडतो. रक्षकाच्या घराचे दारच चोराने हेरले होते म्हणा ना! विषाणूच्या आवरणावर ‘जीपी-१२०’ नावाचे प्रथिन असते. ते सीडी-४ ला बिलगते आणि मग आत जाण्याचा मार्ग खुला होतो.

१९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रिचर्ड अ‍ॅक्सेल यांच्या प्रयोगशाळेने सीडी-४ चे जनुक वेगळे करून त्याची नक्कल मिळवली. (याच अ‍ॅक्सेल यांना पुढे २००४ मध्ये वासाच्या संवेदनेवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.) जनुक म्हणजे प्रथिन कसे बांधायचे याची कृती. ती हाती आली की माणसाच्या शरीराला हात न लावता ते प्रथिन दुसऱ्या पेशीकडून करवून घेता येते. एका सजीवाचे जनुक दुसऱ्याच्या डीएनएला जोडून कामाला लावण्याचे हे तंत्र १९७३ पासून विकसित होत गेले. मधुमेहावरील मानवी इन्सुलिन जीवाणूंकडून बनवून घेऊन १९८२ मध्ये वापरात आले, ते याच मार्गाने. अशा प्रथिनाला पुनःसंयोजित प्रथिन म्हणतात.

सीडी-४ ची गोष्ट इन्सुलिनपेक्षा थोडी अवघड आहे. ते पेशीपटलात रोवलेले असते. त्याचा बाहेरचा भाग चार मणी ओवल्यासारखा असतो, मधला भाग पटलात रुतलेला आणि शेपटी पेशीच्या आत. पटलात रुतणारा भाग पाण्याला टाळतो. त्यामुळे अख्खे प्रथिन पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी जनुकाचा बाहेरच्या चार मण्यांपुरताच भाग घेतला. त्यापासून सुमारे ३७० अमिनो आम्लांची साखळी तयार होते आणि ती पाण्यात विरघळते. शिवाय मानवी पेशीत या साखळीची विशिष्ट घडी पडते, तिच्यावर शर्करेच्या लहान साखळ्याही चढतात. साधे जीवाणू हे काम करत नाहीत. म्हणून हे जनुक बहुधा चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत घालतात. त्या पेशी प्रथिन बनवून भोवतालच्या द्रवात सोडतात. तो द्रव गाळून, निरनिराळ्या स्तंभांतून जाऊ देऊन नको ती प्रथिने वेगळी करतात आणि उरलेले गोठवून सुकवतात. झाली आपली कुपी तयार!

तिच्या कुपीत ५० मायक्रोग्रॅम प्रथिन होते, म्हणजे मिठाच्या एखाद्या बारीक कणाएवढे. आता एक गणित करू. या प्रथिनाचा रेणुभार सुमारे ४५,००० धरा आणि अ‍ॅव्होगाड्रो अंक वापरा. उत्तर येते ६.७ × १०^१४. म्हणजे सदुसष्ट कोटींच्या दहा लाख पट इतके रेणू! हे उत्तर तुम्ही स्वतः वहीत काढून पाहा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

तोतया दार

आता १९८७ सालचा विचार करा. एड्सने माणसे मरत होती आणि त्यावर मान्यता मिळालेले एकच औषध हाती होते, झिडोव्ह्युडीन. अशा वेळी एक सुंदर कल्पना पुढे आली. विषाणू सीडी-४ चे दार शोधत येतो ना? मग रक्तात अशी असंख्य खोटी दारे सोडून द्या, ज्यांच्यामागे घरच नाही. विषाणू या तोतया दारांना चिकटेल आणि खऱ्या पेशी वाचतील.

डिसेंबर १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळील जेनेन्टेक या कंपनीच्या संशोधकांनी आणि १९८८ च्या आरंभी आणखी काही गटांनी आपापले निष्कर्ष प्रसिद्ध केले. विरघळणारे सीडी-४ घातले, की काचपात्रातील पेशींना एचआयव्हीची लागण होत नव्हती. सगळ्यांचे उत्तर एकच होते. विषाणूने आपले आवरण कितीही बदलले, तरी दार पकडण्याची जागा तो कशी बदलेल, असा तर्कही होता. तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. आशा फार मोठी होती आणि ती स्वाभाविक होती.

मग रुग्णांवर चाचण्या झाल्या. १९९० मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रथिनाने रुग्णांना अपाय केला नाही. पण विषाणूवर स्पष्ट परिणामही दिसला नाही. ते रक्तात फार वेळ टिकतही नव्हते. तासाभराच्या आसपास त्यातील निम्मे नाहीसे होई.

काचपात्रात हमखास चालणारी गोष्ट माणसात का चालली नाही?

ताज्या विषाणूचा नकार

याचे एक महत्त्वाचे उत्तर त्याच वर्षी, १९९० मध्ये, लॉस एंजेलिस येथील एरिक डार, डेव्हिड हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. त्यांनी केलेली गोष्ट वरवर पाहता अगदी साधी होती. तोवरच्या प्रयोगांत वापरलेला विषाणू प्रयोगशाळेत पाळलेला होता. कर्करोगातून मिळालेल्या, अखंड वाढत राहणाऱ्या टी-पेशींवर तो वर्षानुवर्षे वाढवला जात होता. तो भरपूर मिळे, सहज वाढे आणि दर वेळी सारखेच उत्तर देई. या संशोधकांनी त्याऐवजी रुग्णांच्या रक्तातून नुकताच मिळवलेला ताजा विषाणू घेतला आणि तोच प्रयोग केला.

ताज्या विषाणूला तेवढेच रोखण्यासाठी पाळीव विषाणूच्या मानाने २०० ते २७०० पट अधिक सीडी-४ लागले! एवढे प्रथिन माणसाच्या रक्तात टिकवून ठेवणे शक्यच नव्हते.

हे का घडले असावे? मांजर नसलेल्या घरात उंदीर निर्धास्त फिरू लागतात. रुग्णाच्या शरीरात विषाणूवर सतत प्रतिपिंडांची नजर असते. म्हणून तो दार पकडण्याचा आपला नाजूक भाग झाकून ठेवतो. काचपात्रात प्रतिपिंडे नसतात. तेथे पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या विषाणूला झाकून राहण्याची गरज उरली नाही, त्याचे आवरण उघडे झाले. तोतया दार त्याला सहज फसवू शकले. म्हणजे १९८८ चे प्रयोग खोटे नव्हते. ते ज्या विषाणूवर केले होते, त्याच्यापुरते ते अगदी खरे होते. चूक झाली ती ते उत्तर सर्वच विषाणूंचे आहे असे धरून चालण्यात.

मला या कथेतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. ताजा विषाणू वाढवणे कटकटीचे होते. प्रत्येक नमुना वेगळे वागणार, आकडे जुळणार नाहीत, हे उघड होते. तरीही त्यांनी नको असलेले उत्तर मिळू शकेल असा प्रयोग मुद्दाम केला. आणि मिळालेला नकार लपवून न ठेवता छापला.

एका घड्याळाची गोष्ट

आता मी का वरमलो ते सांगतो.

मी अकरावीत असताना साध्या लंबकावरून गुरुत्व त्वरण काढण्याचा प्रयोग आम्हाला होता. पुस्तकात लिहिलेले उत्तर ९८० सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग. माझे उत्तर आले ९१६. पुन्हा केले, ९१८. शेजारच्याचे ९१५. आम्ही एकमेकांकडे पाहिले, आदल्या वर्षीच्या एका मुलाची वही मिळवली आणि तिच्यावरून मागे गणित करत दोलनकाल ‘दुरुस्त’ केले. माझे उत्तर ९७९ आले. वहीवर सरांची सही झाली, दहापैकी नऊ गुण पडले.

दोन वर्षांनी आमच्या प्रयोगशाळेतील परिचरांनी सहज म्हणून ते थांबघड्याळ आपल्या मनगटावरील घड्याळाशी ताडून पाहिले. ते मिनिटाला दोन सेकंद पुढे धावत होते! हिशेब करून पाहा. दोलनकाल सुमारे ३.३ टक्क्यांनी जास्त दिसणार. सूत्रात त्याचा वर्ग छेदात आहे, म्हणून त्वरण सहा टक्क्यांहून थोडे अधिक कमी येणार. आपल्याकडे ते ९७८ च्या आसपास असते. म्हणजे उत्तर यायला हवे ९१६. माझे पहिले निरीक्षण तंतोतंत बरोबर होते. लंबक खरे सांगत होता, घड्याळ काय चुकत होते तेही सांगत होता. आम्हीच त्याचे तोंड बंद केले.

आणि हे केवळ मी केले नव्हते. त्या घड्याळावर कितीतरी मुलांनी प्रयोग केला असेल. त्यांपैकी एकाच्या वहीत जरी ९१६ राहिले असते आणि एका शिक्षकाने ‘असे का?’ विचारले असते, तरी घड्याळ तेव्हाच सापडले असते. सर्वांनी ९८० लिहिले, म्हणून ते दोन वर्षे चुकतच राहिले.

त्या विद्यार्थिनीच्या वहीतील तीन नकारांचे पुढे काय झाले? तिच्या गटाने भारतात आढळणाऱ्या एचआयव्हीच्या आवरणाचे प्रथिन तयार केले होते. आपल्याकडील विषाणू बहुतांशी ‘सी’ उपप्रकाराचा आहे, तर १९८८ च्या प्रयोगांतील पाळीव विषाणू ‘बी’ उपप्रकाराचा होता. म्हणून येथील प्रथिन येथेच तपासावे लागते. तयार केलेल्या प्रथिनाची घडी बरोबर पडली आहे की नाही, हे पाहण्यासाठी ती कुपी होती. घडी बरोबर असेल तर सीडी-४ त्याला बिलगेल, बिघडली असेल तर नाही. तिने नवी कुपी आल्यावर प्रथम एका माहितीतल्या, नक्की बिलगणाऱ्या प्रथिनावर ती तपासली. बिलगू नये असे एक प्रथिनही सोबत ठेवले. दोन्ही ठिकाणी कुपीने अपेक्षित उत्तर दिले. म्हणजे कुपी ठीक होती, दोष आपल्या प्रथिनात होता. चौथ्या दिवशी तिने पाहिले, की तो नमुना पुन्हा पुन्हा गोठवून वितळवला गेला होता. त्यात प्रथिनाची घडी मोडली होती.

तिने मोजण्यापूर्वी आपले घड्याळ तपासले होते. आम्ही तपासले नव्हते. एवढाच फरक, पण विज्ञान आणि विज्ञानाची नक्कल यांतला तोच फरक आहे.

औषध फसले, कुपी राहिली

विरघळणारे सीडी-४ औषध म्हणून मागे पडले. मग ते फेकून दिले का? नाही. शास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की विषाणूला ‘तू कसा पकडतोस?’ असा प्रश्न विचारण्याचे हे उत्तम साधन आहे. त्यापुढचा भाग माझ्या विषयाच्या अगदी जवळ येतो.

१९९८ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील वेन हेन्ड्रिक्सन, पीटर क्वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीपी-१२० चा गाभा, सीडी-४ चे पहिले दोन मणी आणि एक प्रतिपिंड यांचा एकत्र स्फटिक बनवला. त्यावर क्ष-किरण सोडून विवर्तनाच्या ठिपक्यांवरून अणूंची मांडणी काढली. २.५ अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरच्या चाळीस लाखाव्या भागापर्यंतचा तपशील त्यात दिसला. सीडी-४ च्या साखळीतील ४३ वे अमिनो आम्ल, फेनिलअ‍ॅलॅनिन, विषाणूच्या प्रथिनातील एका खळग्याच्या तोंडाशी टेकलेले होते. दार पकडण्याची नेमकी जागा माणसाने प्रथमच पाहिली.

२००० मध्ये आणखी एका प्रयोगात दोन्ही प्रथिने उष्णतामापकात एकत्र करण्यात आली. तुम्ही गरम पाणी आणि थंड पाणी मिसळून उष्णतामापकाचा प्रयोग करता, त्याचाच हा फार सूक्ष्म भाऊ. अशा बांधणीत सहसा निघते त्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता बाहेर पडली आणि त्याबरोबर एन्ट्रॉपीही फार घटली. अर्थ असा, की विषाणूचे प्रथिन एकटे असताना सैल, हलते असते आणि सीडी-४ भेटताच एका ठरावीक घडीत बसते. प्रतिपिंडांना ते एवढे का चुकवते, याचा एक धागा या आकड्यांतून मिळाला.

पुढे २०१८ मध्ये इबालिझुमॅब या प्रतिपिंडाला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. ते पेशीवरील सीडी-४ च्या दुसऱ्या मण्याला धरते आणि विषाणूचा पुढचा प्रवेश अडवते. २०२० मध्ये फोस्टेमसाव्हिर आले. ते जीपी-१२० ला धरून विषाणू आणि सीडी-४ यांची भेटच होऊ देत नाही. इतर औषधांना दाद न देणाऱ्या विषाणूच्या रुग्णांसाठी ही दोन्ही आहेत. ही औषधे या कुपीतूनच जन्मली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ज्या भेटीवर ती घाव घालतात, त्या भेटीचे ज्ञान अशा कुप्यांनी जमवले, हे निश्चित.

आणि काचपात्रावर विसंबू नका हा धडा एकदा शिकून संपला, असेही नाही. २०१० मध्ये व्हीआरसी-०१ नावाचे एक प्रतिपिंड सापडले. ते विषाणूच्या नेमक्या त्याच, सीडी-४ पकडण्याच्या जागेवर बसते. प्रयोगशाळेत तपासलेल्या सुमारे ९० टक्के विषाणू-प्रकारांना त्याने रोखले. मग साडेचार हजारांहून अधिक लोकांच्या चाचण्या झाल्या. २०२१ मध्ये निष्कर्ष आला, की एकूण लागण त्याने लक्षणीय कमी झाली नाही; मात्र ज्या विषाणूंवर ते अगदी थोड्या प्रमाणातही प्रभावी ठरते, त्यांची लागण सुमारे ७५ टक्क्यांनी कमी झाली. हा निष्कर्षही जसाच्या तसा प्रसिद्ध झाला. ‘नाही’ आणि ‘हो’ दोन्ही शेजारी शेजारी छापले गेले, म्हणून पुढे कशा प्रतिपिंडांची गरज आहे ते समजले.

मग आपण काय करावे?

माझे सांगणे दोन प्रकारचे आहे. एक विद्यार्थ्यांना, एक माझ्या शिक्षकबंधू-भगिनींना.

मित्रहो, ‘अमुक रोगावर प्रयोगशाळेत रामबाण उपाय सापडला’ अशी बातमी तुम्ही वाचाल, तेव्हा स्वतःला तीन प्रश्न विचारा. प्रयोग कशावर केला, काचपात्रातील पेशींवर की माणसांवर? नमुना पाळीव होता की प्रत्यक्ष रुग्णाकडचा? आणि ‘नाही’ उत्तर मिळू शकेल अशी व्यवस्था प्रयोगात होती का? हे विचारणे म्हणजे विज्ञानावर अविश्वास नव्हे. विज्ञान स्वतःलाच हे प्रश्न विचारते. त्याचप्रमाणे, एखादी वस्तू औषध झाली नाही म्हणून ‘मग तिचा उपयोग काय?’ असे म्हणण्याची घाई करू नका. ते मी प्रयोगशाळेत म्हणालो होतो, आणि माझे मलाच उत्तर मिळाले.

आता शिक्षकांना. आपण म्हणाल, शाळा-महाविद्यालयातील प्रयोग हा काही शोध नसतो. माहीत असलेल्या गोष्टीची ती उजळणी असते, तेथे उत्तर जुळायलाच हवे. शिवाय वीस-वीस मुलांच्या तुकड्या, तासाभराचा वेळ, मोडकी उपकरणे यांत प्रत्येकाच्या चुकलेल्या आकड्याची चौकशी कोण करणार? ही अडचण खरी आहे. मी स्वतः ९८० लिहिणाऱ्या वह्यांवर शेकडो सह्या केल्या आहेत. पण आपण ज्याला गुण देतो तेच मुले शिकतात. जुळलेल्या आकड्याला नऊ आणि न जुळलेल्याला पाच गुण दिले, तर मूल लंबकाकडून शिकत नाही, आपल्याकडून शिकते. आणि काय शिकते? निरीक्षण आणि पुस्तक यांत तफावत पडली, तर निरीक्षण खोडायचे.

असे शिकलेला मुलगा उद्या रक्त-तपासणीच्या प्रयोगशाळेत बसेल, पुलासाठी काँक्रीटचे ठोकळे दाबून पाहील, एखाद्या औषधाच्या चाचणीचे आकडे भरेल. तेव्हा खोडलेला आकडा हा गुरुत्व त्वरणाचा नसेल. त्यामागे एखादा माणूस असेल.

म्हणून एक लहानशी सूचना करतो. प्रयोगवहीच्या शेवटी एक पान ‘न जुळलेली निरीक्षणे’ या शीर्षकाचे असावे. दहापैकी दोन गुण त्या पानाला असावेत. आपला आकडा अपेक्षेपासून किती दूर आहे, का असावा, आणि ते तपासण्यासाठी काय करता येईल, एवढेच तेथे लिहायचे. यासाठी नवे उपकरण लागत नाही, पैसे लागत नाहीत. सत्राच्या आरंभी एक तास घड्याळे, मापपट्ट्या, तराजू यांची आपापसांत ताडणी मुलांकडूनच करून घ्यावी. मी यंदा माझ्या तुकडीत हे सुरू केले आहे. पहिल्या आठवड्यात त्या पानावर कोणी काही लिहिले नाही. तिसऱ्या आठवड्यात एका मुलीने भीत भीत लिहिले, ‘माझा अपवर्तनांक १.७ आला. काचेची चिप कडेला फुटलेली आहे, त्यामुळे असेल का?’ आम्ही ती चिप बाजूला काढली, दुसरी घेतली आणि प्रयोग पुन्हा केला. उत्तर १.५ आले. चिपेबद्दलची तिची शंका बरोबर ठरली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

तुमच्या वहीतला पुढचा आकडा जुळला नाही, तर तो तसाच राहू द्या. खाली एक रेघ ओढा आणि लिहा, ‘असे का?’ शोधाची सुरुवात तेथून होते.